पत्र्याच्या पेटीचं घनफळ

त्या दिवशी वर्गात काय शिकवायचं हे मी आठवडाभर आधीच ठरवून ठेवलं होतं. निरीक्षणाला एक साहेब येणार होते आणि माझ्याच पाचवीच्या वर्गात मागे बसणार होते. म्हणून मी मुद्दाम घनफळाचा धडा निवडला. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. फळ्यावर एक डबा काढायचा, तीन आकडे लिहायचे, मुलं गुणाकार करणार, उत्तर येणार, साहेब मान डोलावणार. गडबड व्हायला जागाच नाही, असं मला वाटलं होतं.

माझी शाळा जबलपुरात, गोहलपूरच्या जरा अलीकडे. आजूबाजूला छोटी छोटी दुकानं आणि कारखाने. खिडकी उघडी ठेवली तर पत्र्यावरची ठोकठोक आत येते, बंद केली तर मुलं उकडून निघतात. सतरा वर्षं मी याच ठोकठोकीत शिकवते आहे. घरी मराठी, वर्गात हिंदी. घनफळाला वर्गात आयतन म्हणायचं. तोंडात आधी घनफळ येतं, ते गिळून मी आयतन म्हणते. इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

साहेब आले, मागच्या बाकावर बसले, मांडीवर कागद ठेवला. मी डबा काढला, आकडे लिहिले.

“एक डिब्बा है। लंबाई दस सेंटीमीटर, चौड़ाई छह, ऊँचाई पाँच। आयतन कितना हुआ?”

पंधरा-वीस हात वर गेले. मी तिसऱ्या बाकावरच्या मुलीला उठवलं. तिचा हात वर नव्हता, पण गुणाकारात तिच्याइतकी चलाख दुसरी कोणी नाही, आणि साहेबांसमोर मला चटकन उत्तर हवं होतं. ती उभी राहिली. फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मैडम, अंदर से या बाहर से?”

“क्या?”

“डिब्बा अंदर से नापा है या बाहर से?”

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा वर्ग हसला. साहेबांनी मान वर केली. माझे कान गरम झाले. मला खरंच वाटलं, ही मुलगी मुद्दाम, आजच, यांच्यासमोर मला अडवते आहे.

“जितना पूछा है उतना बताओ. ज़्यादा होशियारी नहीं. बैठ जाओ।”

ती बसली. शेजारच्या बाकावरून “तीन सौ!” असा ओरडा आला, मी शाबास म्हटलं आणि पुढचं गणित लिहिलं. जाताना साहेब दारात थांबून म्हणाले, “कक्षा पर आपका नियंत्रण अच्छा है।” मी धन्यवाद म्हणाले. ऑटोत बसून घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि प्रत्येक फेरीला ते आणखी वाईट वाटत होतं.

बाबा माझ्याकडेच राहतात. माझा नवरा रेल्वेत, अर्धा महिना बाहेर, म्हणून घरात बहुतेक वेळा आम्ही दोघंच. बाबा तरुणपणी नागपूरकडून इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत एकच काम करत राहिले: तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं. त्यांचं बोलणं अजून तिकडचंच आहे. चहा देताना माझ्या हातून बशीत चहा सांडला, तेव्हा त्यांनी विचारलं, “काय झालं वं? काहून अशी करून राहिली?”

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, लेकरं अशीच असतात. ते हसले. मग हसायचे थांबले.

“तिनं तर बरोबरच विचारलं.”

“बाबा, पाचवीचं गणित आहे ते.”

“पाचवीचं असो नाही तर दहावीचं. डब्याचं माप म्हटलं की पहिला सवाल तोच. आतलं माप वेगळं, बाहेरचं वेगळं. तू डबा म्हटलं, ठोकळा नाही म्हटलं. आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.” त्यांनी चहा संपवला. “अन् तू तिले रागावली?”

मी भांडी घासायला उठले.

पुढचे दोन दिवस, सणाचा शनिवार आणि रविवार, सुट्टीचे होते, आणि ते दोन्ही दिवस मी घरातल्या वस्तू मोजत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. तांदळाचा डबा, पोळ्यांचा डबा, बुटांचं खोकं, बाबांची जुनी लाकडी पेटी. बाबांनी कपाटातून आपलं जुनं मोजमापाचं अवजार काढून दिलं, ज्याची एक चिमटी बाहेरून पकडते आणि दुसरी आत शिरून रुंदावते. लाकडी पेटीचं बाहेरचं घनफळ आणि आतलं घनफळ काढलं तर मधला फरक इतका निघाला की मी पुन्हा गुणाकार केला. फळी जेमतेम बोटभर जाड, पण सहाही बाजूंनी ती जागा खात होती. सतरा वर्षांत मी हे कधी मोजलं नव्हतं. मी फक्त फळ्यावर डबे काढत आले होते, आणि फळ्यावरच्या डब्याला जाडी नसते.

बाबा रविवारी विहारात जाऊन आले तरी मी जमिनीवर डबे पसरून बसलेले.  त्यांना ओलांडून जाता येईना म्हणून एक डबा पायाने हळूच सरकवला आणि आत गेले.

सोमवारी मी ठरवून गेले की तिला आज बोलतं करायचं. पहिल्याच तासाला तिला उठवलं, सोपं विचारलं. तिनं उत्तर दिलं, बसली. मंगळवारी पुन्हा. “जी मैडम”, “नहीं मैडम”, आणि एक आकडा. एवढंच. पूर्वी ती खूप बोलायची असं नाही, पण मध्येच काहीतरी विचारायची, तिरकं, कधी कधी वेळखाऊ. सूर्य कुठे राहतो पासून शून्याला शून्याने भागलं तर, इथपर्यंत. आता ती वहीत बघत बसायची. रुसलेली असती तर मला बरं वाटलं असतं. रुसवा काढता येतो. ती रुसलेली नव्हती. शिस्तीत होती.

हे शांत बसणं मला ओळखीचं होतं, आणि म्हणूनच जीव थाऱ्यावर राहीना. मी स्वतः याच शहरात शिकले. सहावीत असताना सरांनी आयतन विचारलं आणि माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला, घनफळ. सर म्हणाले, “कौन सा फल? आम कि अमरूद?” वर्ग हसला. सर वाईट नव्हते, त्यांना फक्त विनोद सुचला होता. पण त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या तासाला मी स्वतःहून एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्यांना ते कधी कळलंही नाही. चांगली शांत मुलगी, असं त्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. बाबांनी ते वाचून मला जिलेबी आणली होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी ऑटो न पकडता गोहलपूरच्या आत चालत गेले. तिचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवतात एवढं मला हजेरीपटावरून माहीत होतं. दोन ठिकाणी विचारल्यावर दुकान सापडलं. अरुंद, खोल, समोर एकावर एक रचलेल्या निळ्या-हिरव्या पेट्या, आणि आत एक माणूस पत्रा वाकवत बसलेला. मी कोण ते सांगितल्याबरोबर तो झटकन उठला, हात पँटला पुसले, स्टूल पुढे केलं. मी बसायच्या आतच म्हणाला, “मैडम, हमने उसको समझा दिया है. अब नहीं पूछेगी।”

मला आधी कळलंच नाही.

“क्या समझा दिया?”

“उसने घर आके बताया था न, साहब लोगों के सामने आपसे उल्टा सवाल कर दिया. बहुत डाँटा हमने. बोल दिया, स्कूल में जो पूछें उसका जवाब दो, अपनी तरफ़ से कुछ मत पूछो. आप बेफ़िकर रहिए।”

मी स्टुलावर बसले.  मी तिला एकदा गप्प केलं होतं आणि या माणसानं, माझा मान राखायला म्हणून, ते काम पुरं केलं होतं. आणि आता तो माझ्याकडे बघत होता, चांगलं केलं ना, अशा चेहऱ्यानं.

मी कामाचं बोलू लागले. म्हणाले, मुलांना शिकवायला एक पत्र्याचा डबा हवा आहे, वर उघडा, सगळ्या बाजूंनी दहा सेंटीमीटर.

तो लगेच पेन्सिल कानावरून काढून म्हणाला, “अंदर से दस कि बाहर से?”

असं म्हणून तो एकदम थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. मीही त्याच्याकडे बघत राहिले. हा प्रश्न तो दिवसातून दहा वेळा, येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत असणार, आणि ती मुलगी इथेच कुठेतरी अभ्यास करत बसत असणार.

“यही पूछा था उसने,” मी म्हणाले. “मुझसे यही पूछा था. सवाल उल्टा नहीं था भैया, सही था. गलती मेरी थी।”

“नहीं नहीं मैडम, ऐसा मत बोलिए।” त्याला माझ्या माफीनं आनंद झाला नाही. तो घाबरला. मास्तरणीने दुकानात येऊन चूक कबूल करावी हे त्याला बरं लक्षण वाटलं नसावं. आतल्या पडद्यामागून ती मुलगी बाहेर आली होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मी तिच्याकडे बघून तेच पुन्हा म्हणाले, की तू बरोबर विचारलं होतंस. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती वडिलांकडे बघत होती, आता काय करायचं असतं, असं.

“अंदर से दस,” एवढं सांगून मी निघाले. परतताना मी चुकीच्या गल्लीत वळले आणि बराच वेळ चालत राहिले.

डबा शनिवारी आला. ती स्वतःच दप्तराबरोबर घेऊन आली आणि टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. मी मुख्याध्यापिकांच्या कपाटातून गणिताची पेटी मागून आणली. ती पेटी सहसा कुलपात असते, कारण मुलं ठोकळे हरवतात. आत एक-एक सेंटीमीटरचे प्लास्टिकचे ठोकळे होते, शंभर असायला हवे होते, मुलांनी मोजले तर त्र्याण्णव भरले. कुलपात असूनही सात हरवलेले.

शिकवायच्या आधी मी वर्गाला सांगितलं की निरीक्षणाच्या दिवशी मी एक चूक केली. फळ्यावर डबा काढला पण त्याचं माप आतलं की बाहेरचं ते सांगितलं नाही, आणि जिनं ते विचारलं तिला गप्प बसवलं.  मुलांना मोठ्यांच्या चुका ऐकायला आवडतं असं म्हणतात, पण ही मुलं खाली बघायला लागली. ती तर डेस्कचा पापुद्रा नखानं काढत होती. मला वाटलं, झालं, आणखी बिघडवलं मी.

मग मी घाईघाईनं डबा मधल्या बाकावर ठेवला आणि मुलांना भोवती बोलावलं. आतमध्ये तळाला ठोकळ्यांची ओळ लावायची होती. दहा ठोकळ्यांची एक ओळ, अशा दहा ओळी, म्हणजे एक थर. नऊ ठोकळे बसले. दहावा बसेना. एका मुलीनं दाबून पाहिला, दुसरीनं डबा वाकडा करून पाहिला. नाहीच.

“मैडम, नाप गलत है,” कोणीतरी म्हणालं.

 मी तिच्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, ओठ हललेसुद्धा. पण ती काही बोलली नाही. निरीक्षणाच्या दिवशी सगळ्यात आधी हसलेली जी मुलगी होती, तिनंच डब्यात बोट घालून कोपरा चाचपला आणि ओरडली, “इधर चादर मुड़ी हुई है! मोटी है इधर!”

खरंच, कोपऱ्यात पत्र्याची घडी आत आली होती आणि तिनं दहाव्या ठोकळ्याची जागा खाल्ली होती. मग एकच गिल्ला झाला. जो तो बोट घालून बघू लागला. कोणी कंपास पेटी मोजायला घेतली, कोणी डबा, कोणी विचारलं की मग बाटलीच्या प्लास्टिकचं काय. मी पाऊण तासात काहीही शिकवलं नाही आणि घंटा झाली.

सगळे गेल्यावर तिनं टेबलावरचा डबा उचलला, काखेत घेतला आणि न विचारता घरी नेला. सोमवारी परत आणला. घडी बाहेरच्या बाजूला वळवलेली होती. दहा ठोकळे अचूक बसले. नऊ ओळी आणि तीन ठोकळे भरले, उरलेल्या सातांच्या जागा मुलांनी मनानं भरल्या, आणि असे किती थर, म्हटल्यावर सगळा वर्ग दस म्हणून किंचाळला. हजार हा आकडा मी सांगायच्या आधीच मागच्या बाकावरून आला.

ती मात्र गप्पच होती.

तपासायला वह्या घरी आणल्या तेव्हा तिच्या वहीत, गणिताच्या खाली, मला पुसलेली एक ओळ दिसली. पेन्सिलनं लिहून खोडरबरनं घासलेली, पण दाब इतका की कागदावर खुणा राहिल्या होत्या. मी वही खिडकीशी तिरकी धरली. “पत्थर का कैसे नापेंगे?”

मी वही घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून, कागदावर बोट फिरवून ते वाचलं. “खोडून टाकलं,” म्हणाले. “काहून खोडलं असन?” त्यांना उत्तर माहीत होतं. मलाही.

तिला उभं करून विचारावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. तिनं पुसलं होतं. म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं. शेवटी मी भेडाघाटहून कधीतरी आणलेला, फडताळावर धूळ खात पडलेला संगमरवराचा ओबडधोबड तुकडा पिशवीत घातला. वर्गात पत्र्याच्या डब्यात पाणी भरायचा प्रयत्न केला तर तो सांध्यातून गळाला, म्हणून मापाचं भांडं आणलं. अर्ध्यापर्यंत पाणी, खूण केली. दगड सोडला, पाणी चढलं, पुन्हा खूण. मधलं जे वाढलं तितका दगड. मुलं आळीपाळीनं आपापले खडे टाकू लागली. हा प्रश्न कोणाचा ते मी सांगितलं नाही. तिच्या पाळीला तिनं खिशातून एक दगड काढला, तळाशी जाईपर्यंत बघत राहिली, आणि खूण वाचून वहीत लिहिलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

ते पाहणं काय होतं, हे मी ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं, तिला कळलं की मी वाचलं, आणि तिला बरं वाटलं. कधी वाटतं, तिला वाटलं असेल, आता वहीत पुसलेलंही सुरक्षित नाही. वार्षिक परीक्षेत तिला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. वर्षभरात वर्गात तिनं स्वतःहून मला एकही प्रश्न विचारला नाही. सहावीला ती दुसऱ्या शाळेत गेली.

या दिवाळीआधी मी सदर बाजारात भाजी घेत होते, तेव्हा तिचे वडील समोर आले. दुकान कसं आहे, घरी कसे आहेत, झालं. मग ते जरा जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाले, “मैडम, आपसे एक बात पूछनी थी. नई स्कूल से शिकायत आई है।”

“कैसी शिकायत?”

“कहते हैं, बहुत सवाल करती है. क्लास में टीचर को रोक देती है।” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “मना कर दूँ क्या?”

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली बघितलं, आणि त्याच क्षणी त्या नव्या शाळेतल्या बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, न पाहिलेला. त्यांच्या वर्गातही मागे कोणी साहेब बसलेले असतील. त्यांचेही कान गरम होत असतील.

“नहीं,” मी म्हणाले. “मना मत कीजिए. बिलकुल मत कीजिए. मैं खुद जाके बात करूँगी उनसे।”

“आप जाएँगी?” त्यांना ते फारसं पटलं नाही. मी पूर्वी एकदा अशीच दुकानात आले होते, ते त्यांना आठवलं असावं. ते हो म्हणाले, मान हलवली आणि गर्दीत गेले.

त्या शाळेत मी गेले, पुढच्याच आठवड्यात. बाई तरुण होत्या, थकलेल्या, त्यांच्या वर्गात पन्नासाच्या वर मुलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दीदी, आपकी बात सही है, लेकिन कोर्स कब पूरा करूँ?”  कोर्स माझाही पुरा होत नव्हता.  मग घंटा झाली आणि त्या वर्गावर गेल्या. दारातून मला ती दिसली, दुसऱ्या बाकावर, वेण्या आता लांब झालेल्या. बाई आत शिरेपर्यंत तिचा हात वर गेलेला होता.

बाई तिला बोलायला देतात की नाही, ते बघायला मी थांबले नाही. थांबायला हवं होतं.